गुलाबचं औषध

करीमसाहेबांना आजारी जनावर दाखवायला नेलं, की ते आधी जनावराकडं पाहत नसत. जरा लांब उकिडवे बसत आणि ते जिथं बांधलेलं असे तिथली जमीन न्याहाळत. शेण कसं पडलंय, मूत कुठं जिरलंय, खुरानं माती उकरलीय का. मालक घाईला आलेला असे. "साहेब, हात तर लावून बघा," असं कोणी म्हणालं, तर मान न वळवता सांगत, "लावतो. आधी त्याचं म्हणणं ऐकू द्या."

हिंगोलीच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ते डॉक्टर होते. निजामाचा अंमल होता. मूळचे कुरुंद्याचे, हळदीचा व्यापार करणाऱ्या घरातले. शिकायला तेवढे हैदराबादेत राहिले, बाकी बोली आमच्यासारखीच. मी शाळेत मास्तर. आमची घरं शेजारी, मधे एक बुटकी भिंत.

त्यांची एक गोष्ट लोकांना झेपत नसे. ते खोटा धीर देत नसत. नरसीचा एक शेतकरी बैल घेऊन आला होता. बैल उठता उठत नव्हता. "जगंल ना, साहेब?" त्यानं विचारलं. करीमसाहेब त्याच्याजवळ बसले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "न्हाई. आज त्याला तकलीफ होऊ न्हाई एवढं मी करतो." तो गेल्यावर मी म्हणालो, दोन शब्द बरे बोलला असता तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, "मास्तर, जनावराला बोलता येत न्हाई. त्याच्या वतीनं मी बोलतो. मग खोटं कसं बोलू?"

गुलाब हा त्यांच्या बायकोनं आणलेला कुत्रा. गावठीच, तांबूस रंगाचा. पिल्लू असताना नाक गुलाबी होतं म्हणून हे नाव. पुढं बाई तापानं गेल्या. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच उरले, डॉक्टर आणि गुलाब.

मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या साली गुलाब वाळायला लागला. खायचा भरपूर, पण फासळ्या दिसू लागल्या. पाण्याचं भांडं रिकामं करून दुसऱ्याची वाट पाहायचा. एका सकाळी मी भिंतीपाशी उभा होतो. गुलाबनं जिथं मुतलं होतं तिथं मुंग्यांची रांग लागली होती आणि करीमसाहेब त्या रांगेसमोर बसले होते. मग म्हणाले, "मास्तर, याला साखरेची बीमारी झाली. माणसाला होते तीच."

पोटात, जठराच्या मागं एक पिंड असतो, त्यातून निघणारा रस रक्तातली साखर अंगी लावतो, तो आटला की खाल्लेलं सगळं लघवीवाटे वाया जातं, असं त्यांनी मला समजावलं. त्या रसाचं औषध निघालं होतं, इन्सुलिन. हैदराबादेहून ते मागवायला लागले. रोज सकाळी सुई उकळायची, गुलाबची लघवी परीक्षानळीत निळ्या औषधात घालून तापवायची, निळा रंग हिरवा होतो की विटकरी ते पाहायचं, त्यावर सुईचं माप ठरवायचं. कुप्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरलेल्या असत. जेवण ठरल्या वेळी, ठरलं तेवढंच. गावात लोक हसत. कुत्र्याला सुई देऊन राहिले, म्हणत.

एकदा गुलाबनं सुईनंतर खाल्लं नाही आणि थोड्या वेळानं लटपटत खाली पडला, पाय झाडू लागला. करीमसाहेबांनी गुळाचं पाणी बोटानं त्याच्या हिरड्यांना चोळलं. तो हळूहळू उठून बसला. त्यांचा सदरा घामानं भिजला होता. "हे औषध लई सरळ हाय," ते म्हणाले. "कमी झालं तरी मारतं, जास्त झालं तरी मारतं. वेळ चुकलेली त्याला चालत न्हाई." तरी गुलाबला सुईची भीती वाटेनाशी झाली होती. सुई उकळायचं भांडं वाजलं की आपण होऊन यायचा आणि मान खाली घालून उभा राहायचा.

अठ्ठेचाळीस साली संस्थानाच्या सरहद्दी बंद झाल्या. बाहेरून माल येईना, औषधं तर नाहीच. गावात कोण कोणाच्या घरी जातो हे लोक पाहू लागले. त्याच उन्हाळ्यात माझी मुलगी शांता आजारी पडली. सारखी तहान, सारखी भूक, आणि अंगावरचा झगा ढगळ होत चाललेला. हे सगळं मी शेजारी पाहिलेलं होतं. माणसांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्याकडं न पाहता सांगितलं, औषध आहे पण आपल्याकडं नाही. नांदेडला माणूस पाठवला, परभणीला पाठवला. हात हलवत परत आले.

भिंतीपलीकडं माठाखाली, सरहद्दी बंद व्हायच्या आधी मागवून ठेवलेल्या कुप्या होत्या, हे मला माहीत होतं. जानकीला, माझ्या बायकोलाही माहीत होतं. आम्ही दोघंही तो विषय काढत नव्हतो. मागायचं कोणत्या तोंडानं? आणि नाही म्हणाले तर पुन्हा त्यांचं तोंड कसं पाहायचं?

ते स्वतःच आले. माणसांच्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांना सोबत घेऊन, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कुप्या हातात धरून. जानकी उंबऱ्यात उभी होती. तिनं विचारलं, "कुत्र्याचं औषध माझ्या लेकराला चालंल?"

"औषध माणसाचंच हाय, वहिनी. गुलाबच इतके दिवस माणसाचं घेऊन राहिला होता."

"कशापासून करतात?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. वनस्पतीपासून म्हणाले असते तर कोणाला कळणार होतं? जानकी दर एकादशीला नरसीच्या देवळात जाणारी, घरात कांदासुद्धा वेगळ्या भांड्यात शिजवणारी. करीमसाहेब म्हणाले, "गुरांच्या पोटातल्या पिंडापासून. गाईच्या बी. कधी डुकराच्या. मला बी त्याचा विचार पडला होता."

जानकी भिंतीला टेकली. आत शांता पाणी मागत होती. "तुमची लेक असती तर?"

"सुई दिली असती. अल्लाला जे सांगायचं ते मागून सांगितलं असतं."

जानकी देवापाशी गेली. काय म्हणाली मला ठाऊक नाही. परत येऊन तिनं शांताचा दंड उघडा केला.

मी करीमसाहेबांना बाहेर गाठलं. म्हणालो, थोडं गुलाबला ठेवा, निम्मं निम्मं करू. त्यांनी मान हलवली. "निम्म्यात कोणीच जगत न्हाई. मी हिशेब करून पाहिला."

त्यानंतरच्या सकाळी फार वाईट होत्या. शांताची सुई उकळायला ते आमच्याकडं येत. भांडं वाजलं की गुलाब भिंतीपलीकडं येऊन मान खाली घालून उभा राहायचा. करीमसाहेब परत जाऊन त्याच्या मानेवरून हात फिरवत आणि म्हणत, "जा बाबा." तो जात नसे.

शेवटी त्यानं खाणं सोडलं, श्वास धापेचा झाला. एका दुपारी करीमसाहेबांनी मला बोलावलं. "धरा त्याला, मास्तर. माझा हात आज बराबर न्हाई." मी गुलाबचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी क्लोरोफॉर्मचा बोळा नाकाशी धरला. गुलाबनं अंग चोरलं नाही. सगळं शांत झाल्यावर ते बराच वेळ तिथंच, त्या जमिनीकडं पाहत बसले.

पावसाळ्याच्या अखेरीस फौजा आल्या, निजामी संपली. त्या दिवसांत मुसलमानांवर सूड उगवला जात होता, करीमसाहेबांनी घरी एकटं राहणं धोक्याचं होतं. जानकी स्वतः जाऊन त्यांना आमच्याकडं घेऊन आली, आणि दाराशी आलेल्या माणसांशी तीच बोलली. पुढं वाटा उघडल्या, औषध येऊ लागलं. शांता भरली. पण गावात करीमसाहेबांचं मन लागेना. हैदराबादेत बहीण होती, तिच्याकडं जायचं त्यांनी ठरवलं.

जायच्या दिवशी ते शांताला सुई द्यायला आले. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची. कोणाकडून तरी तिच्या कानावर आलं असावं. तिनं विचारलं, "चाचा, गुलाब माझ्यामुळं मेला का?"

मी म्हणणार होतो, नाही गं, तो म्हातारा झाला होता. करीमसाहेबांनी हातानंच मला थांबवलं. तिच्यासमोर खाली बसले.

"व्हय, बेटी. औषध एकालाच पुरणार होतं. कोणाला द्यायचं ते मी ठरवलं. त्याचं ओझं माझ्यावर हाय, तुझ्यावर न्हाई. तू वेळेवर जेव."

शांता म्हणाली, "उद्या सुई कोण देणार?"

"तूच."

त्यांनी तिच्या हातात सुई दिली, बोटं कशी धरायची ते दाखवलं, आणि मग मोटार गाठायला निघून गेले. आमची पुन्हा भेट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतानं सुई उकळली. बोटं त्यांनी दाखवली होती तशी धरली. मी पुढं झालो, तर म्हणाली, "न्हाई बाबा. राहू द्या."