मागच्या खोलीचं दार

पेणच्या गणपती कारखान्यात सगुणाने तीस वर्षं मूर्तींचे डोळे आखले. शहाण्णव साली अष्टमी गावातल्या एका हॉलमध्ये कलाप्रदर्शन ठरलं, तेव्हा ती मूर्तीच मांडणार असं सगळ्यांनी धरलं होतं. तिने मात्र बांबूच्या कामट्या आणि प्लास्टरमध्ये बुडवलेलं गोणपाट घेऊन तिथे आपलं लहानपणीचं घर उभं करायला घेतलं. माणूस आत शिरेल एवढं.

खाडीकाठचं ते घर ती पाच वर्षांची असताना गेलं. उधाणाने बांध फुटला, खारं पाणी गावात घुसलं आणि थोरली बहीण हौसा वाहून गेली, एवढंच तिला घरच्यांनी सांगितलेलं. पण काम करताना हातांना आठवू लागलं. चुलीची उंची. ओलीने फुगलेली भिंत. मागच्या खोलीच्या दाराला कडी बसवताना तिचा हात आपोआप बाहेरच्या बाजूला गेला. तिने ती काढून आतून लावून पाहिली. घर खोटं वाटू लागलं. पुन्हा बाहेर लावली, आणि तिथेच ठेवली.

धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून तिचा भाऊ कमळाकर बघायला आला. चुलीपाशी हसला. मागच्या दारापाशी थांबला.

"कडी आतून होती गो."

"नाय दादा. बाहेरून."

"पाच वर्षांची होतीस. तुला काय आठवतंय?"

"मंग दाराला हात का लावत नायस?"

तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी कडी जागेवर नव्हती. वॉचमन म्हणाला, "सकाळी तुमचे भाऊ येऊन गेले." सगुणाने नवी लावली. तीही गेली. तिने तिसरी लावली.

प्रदर्शनाला गावातल्या जुन्या शेजारणी आल्या. बडबडत आत शिरल्या आणि त्या दारापाशी सगळ्या थबकल्या. कुणी ते उघडेना. सगुणाने म्हाताऱ्या धोंडुबाईचा हात धरला.

"काय झालं होतं, काकी?"

"तापात हौसा खाडीकडं धावायची, म्हणून तिला कोंडायचे. त्या दिशी आईबाप बांधाला माती घालाय गेलेले. कमळाकर दहा-अकरा वर्षांचा. पाणी त्याच्या छातीला लागलं. त्याने तुला खांद्यावर घेतली न् पळाला."

"आणि ताई?"

"हाका मारीत व्हती. आम्ही माळ्यावर चढलेलो. ऐकलं समद्यांनी."

शेवटच्या दिवशी दुपारी घर उतरवायला दोन माणसं आली. मागच्या खोलीत कमळाकर गुडघे छातीशी घेऊन बसलेला होता. कधी आला, कुणालाच कळलं नव्हतं.

"दादा, उठ. मोडतायत."

"मोडू दे."

माणसांनी आधी छप्पर उतरवलं, मग एकेक भिंत. तो हलला नाही. शेवटी हॉलच्या मोकळ्या फरशीवर तो एकटाच तसा बसून राहिला, कान दोन्ही हातांनी झाकून. सगुणा जाऊन त्याच्या शेजारी बसली. त्याने हात काढले नाहीत.