कपाटातलं इंग्रजी

आमच्या हेडमास्तरांचा मला आजही राग येतो. माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली, राग मात्र जात नाही.

सत्तरच्या दशकातली, धरमपेठेतली आमची मराठी शाळा. इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं आणि ते मी शिकवायची. वरून आलेली चित्रकार्डांची पेटी हेडमास्तरांच्या कपाटात असायची. तपासणीच्या दिवशी ती टेबलावर मांडायची, साहेब गेले की परत आत. पोरांच्या हाती दिली तर खराब होईल, असं त्यांचं म्हणणं. पेटीतली कार्डं बसल्या जागी पिवळी पडली, तेवढं त्यांना चालत होतं.

वैतागून मी माझंच सामान जमवलं. टूथपेस्टची खोकी, चहाचे रिकामे पुडे, कॅलेंडरमधून कापलेली फळं, घरचा चमचा, वाटी. दोन बाकं जोडून वर्गात दुकान मांडलं. गिऱ्हाइकानं इंग्रजीत मागायचं, दुकानदारानं इंग्रजीत बोलून द्यायचं.

रामटेककडच्या खेड्यातून मामाकडे शिकायला आलेली एक मुलगी वर्गात होती. तिच्या बोलण्याला शहरातली पोरं हसायची, म्हणून ती तोंडच उघडत नसे. तिला मी दुकानदार केलं. आधी नुसती वस्तू पुढे करायची. मग एक दिवस चहाचा पुडा हातात घट्ट धरून तिनं अख्खं वाक्य इंग्रजीत म्हटलं. कुणी हसलं नाही, कारण इंग्रजीत सगळेच सारखे अडाणी होते. त्यानंतर ती सगळ्यांच्या आधी येऊन दुकान लावायची. "बाई, आज बी मलेच बसू द्या," म्हणायची.

हेडमास्तरांच्या डोळ्यांत हे खुपलं. "बाई, वर्गात बाजार काहून भरवून राहिल्या तुम्ही?" त्यांनी दारातूनच विचारलं. तपासणी जवळ आली तसा तोच बाजार त्यांना आवडायला लागला. सगळं सामान त्यांनी ऑफिसात नेलं, पांढऱ्या चादरीवर मांडलं आणि पुढे पाटी ठेवली: हात लावू नये.

साहेबांनी नेमकं त्याच मुलीला बोलावलं. पुड्याकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, हे काय आहे. तिनं सवयीनं पुडा उचलला. ती बोलणार, तोच हेडमास्तरांनी तिच्या हातावर फाडकन मारलं. "पाटी वाचता येत नाही काय वं तुले?"

पुडा खाली पडला. साहेबांनी शेरा लिहिला: साहित्य उत्तम, विद्यार्थी कच्चे. हेडमास्तरांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि माझं सामान कपाटात घालून कुलूप लावलं. पुढच्या तपासणीला कामी येईल म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरी टेम्पररी होती.

दुसऱ्या दिवशी मी घरून दुसरा पुडा आणून तिच्यापुढे धरला. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मले नाही येत बाई इंग्रजी," ती म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.