मावशींचा भिडू

पोकरचं गणित मी महिनोन्महिने घोटलं होतं. हलक्या पत्त्यांवर मोठी बोली लावून थाप किती वेळा मारायची, डाव सोडून पत्ते कधी टाकून द्यायचे, सगळं तोंडपाठ होतं. समोर कुणीही असो, हे गणित तोट्यात जाणार नाही, अशी माझी खात्री होती.

त्या दुपारी शेजारच्या नलूमावशींशी चिंचोके लावून खेळायला बसलो. पोकर त्यांना त्यांच्या यजमानांनी शिकवला होता. ते वारले त्याला वर्ष झालं होतं. मावशी स्वतःचे पत्ते बघतच नसत. शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर ते उचलून धरत, मान वळवून क्षणभर ऐकत आणि म्हणत, "थांबायचं नाही म्हणतात हे."

माझी एकही थाप चालली नाही. शेवटी वैतागून म्हणालो, "मावशी, एकदा तरी पत्ते टाका ना!"

त्या हळूच म्हणाल्या, "टाकले की हे उठून जातात रे."

समोरच्याला हरायची भीती असते, हे माझ्या गणिताने गृहीतच धरलं होतं. मावशींची भीती वेगळी होती, आणि ती कुठल्याच आकड्यात बसत नव्हती.

मी पुन्हा पत्ते वाटले. माझे उचलले, आणि माझ्या लक्षात आलं, मी ते मावशींपासून नाही, त्या खुर्चीपासून लपवत होतो.