कपाशीवरची तार

आमच्या कपाशीवर विमानाने फवारणी व्हायची, तेव्हाची गोष्ट. वैमानिक इतक्या खालून उडायचा की चाकांना शेंडे लागतील असं वाटे. एका सकाळी विमान शेतावरच्या विजेच्या तारेत अडकून कोसळलं आणि तो तरुण वैमानिक जागीच गेला.

काही दिवसांनी त्याची बायको ती जागा पाहायला आली. मी तिला बांधावर नेलं. तुटलेली तार पुन्हा जोडली होती, तेवढ्याच उंचीवर.

"तार कुठाय?" तिने विचारलं.

"त्या दोन खांबांच्या मधे, ताई."

डोळ्यांवर आडवा हात धरून ती बराच वेळ पाहत राहिली. "मला नाही दिसत, भाऊ."

जमिनीवर उभं राहून, जागा ठाऊक असून जी दिसत नाही, ती उन्हाकडे तोंड करून झेपावणाऱ्याला कशी दिसावी?

"तारेवर दिसेल असं काहीतरी बांधा," एवढंच ती म्हणाली.

मी वीज कचेरीत सांगितलं, फवारणीवाल्यांनाही सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढच्या हंगामात नवा वैमानिक आला. तार तशीच होती. गाव गंमत बघायला शेतावर गेलं. मी घरात बसून विमानाची घरघर ऐकत होतो. वळताना ती जराशी मंदावली, तरी मी उठून दारापर्यंत जायचो.