कूलरमधले पाहुणे

भडगावच्या आसपास बेडकाला विचारल्याशिवाय केळीचा घड न उतरवणारा शेतकरी एकच, आणि ते माझे मामेसासरे आहेत. गिरणाकाठी त्यांची बाग आणि बागेला लागूनच घर. केळीच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं, त्या गारव्यात अंगठ्याच्या पेराएवढे पिवळट झाडबेडूक राहतात. मामा घड उतरवण्याआधी खोडावर काठीने टकटक करतात, बेडूक शेजारच्या केळीवर उडी मारेपर्यंत थांबतात आणि मगच विळा चालू देतात. एकदा केळीचा व्यापारी ट्रकपाशी ताटकळून वैतागला, तर मामांनी त्याच्याच हातात काठी दिली. लग्नाच्या पंगतीतसुद्धा केळीचं पान समोर आलं की ते आधी उलटून बघतात. वाढपी वरणाची बादली घेऊन खोळंबतो आणि मामी पदराने तोंड झाकतात.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे मुक्कामाला होतो, तेव्हा जुनी बाग मोडून नवी लागवड करायची होती. मामा आज-उद्या करत राहिले. शेवटी ते बाजाराला गेल्याचं बघून त्यांच्या मुलाने ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून अख्खी बाग मोडली. परतल्यावर मामा बांधावरच बसले. चहूकडे रान भाजून निघालेलं, त्यात एवढासा जीव कुठे तगणार? रात्री ते भरल्या ताटावरून उठून गेले. मुलाला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मामींनी साफ करायला कूलरची गवताची जाळी काढली आणि मामांना हाक मारली. ओल्या गवतात बेडकांची सगळी मंडळी एकमेकांना चिकटून बसली होती. मामांनी डोळे पुसले आणि जेवायला वाढायला सांगितलं. आमचा सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

मग कूलरचा पंखा बंद झाला तो बंदच. भर मे महिन्यात आम्ही वर्तमानपत्राने वारा घेतोय आणि मामा जाळीवर पाणी शिंपडताहेत. मुलाने भीत भीत पंख्याचा विषय काढला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आपुन त्येस्नं घर पाडं. आते हाई त्येस्नं घर शे." आता कूलर हेच बेडकांचं घर, हे ऐकल्यावर पाण्याचा तांब्या मुलानेच हातात घेतला.

पावसाळ्यात नवी केळी वर आली आणि पाहुणे एकेक करून बागेत परतले. कूलर मोकळा झाला. परवा गेलो तर उकाडा होता. बटण दाबण्याआधी मामांनी कूलरवर टकटक केलं आणि कान देऊन थांबले. आतून कुणीच निघालं नाही. "लाव," असं मुलाला म्हणून ते अंगणात जाऊन बसले, बागेकडे तोंड करून.