बाबांचा उजवा पाय

आमची जीप माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे, पण घरात मान तिला जास्त. मी आजारी पडले तेव्हा बाबांनी गोळी आणून दिली. जीप आजारी पडली की ते जेवत नाहीत. दर रविवारी मोताळ्याकडच्या शेतातून वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर भरून ते राजूर घाट चढतात, बुलढाण्याच्या बाजारात माल उतरवतात आणि निवडक जुड्या घेऊन माझ्याकडे जेवायला येतात. जीपला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना चालत नाही. मला तर स्कूटीपलीकडे काही चालवताच येत नाही.

गेल्या दिवाळीनंतर जीप घाटात मरगळायला लागली. सपाटीवर एकदम व्यवस्थित. चढ लागला की वेग उतरत उतरत पायी चालणाऱ्या माणसाइतका व्हायचा. बाबा कडेला थांबायचे, दहा मिनिटं सुपारी कातरत बसायचे आणि मग जीप थोडा वेळ पुन्हा चढायची. "दम लागते तिले, घेऊ द्या थोडा," म्हणायचे. गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणे फोर-बाय-फोरचा दांडा टाका. बाबांनी टाकला, तर मागची दोन चाकं मरगळत होती ती आता चारही मरगळायला लागली.

मग एक दिवस आईचा फोन आला. आवाज बारीक करून म्हणाली, "तुहे बाबा म्हणतात, जीप चांगली हाये. माह्या पायातच जोर राह्यला नाही म्हणतात. त्या दिवशी ते बांधावरून पडले ना, तवापासून एक्सलेटर पुरा दाबल्याच जात नाही म्हणे. जीप इकाले काढली, डोणगावचा गिऱ्हाईक येऊन राह्यला शुक्रवारी."

मला रडूही आलं आणि रागही आला. पाय गेला असं या माणसाने स्वतःच ठरवून टाकलं, ना डॉक्टरला दाखवलं, ना मला सांगितलं. जीप गेली की रविवार गेला, आणि रविवार गेला की बाबा ओट्यावर बसून म्हातारे होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

गुरुवारी रजा टाकून घाटाखालच्या मिस्त्रीला घेऊन मी शेतात धडकले. त्याने आधी फिल्टर बदलला. मग बाबांना चालवायला बसवलं आणि मला मागच्या सीटवर, मागे सुटणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. "ताई, तुमी फक्त धूर पाह्यजा."

जीप घाटातल्या नेहमीच्या वळणावर मरगळली. मी डोळे फाडून बघत होते. धूर नव्हताच.

"धूर काळा असता तं मनलं असतं हवा कमी पडते," मिस्त्री म्हणाला. "हा तं धूरच नाही. म्हंजे डिझेलच पोचून नाही राह्यलं."

"पोचन कसं," बाबा समोर बघत म्हणाले. "दाबल्याच जात नाही माह्याच्यानं."

मिस्त्रीने डिझेलने भरलेला पाच लिटरचा कॅन माझ्या मांडीवर दिला, त्यातून एक नळी थेट इंजिनाकडे नेली आणि टाकीची नळी बंद केली. "आता चालवा काकाजी."

ते वळण गेलं. पुढचं गेलं. माझा चांगला ड्रेस डिझेलने भिजत होता आणि जीप वर चढत होती, जशी मी शाळेत असताना चढायची. बुलढाण्याच्या पहिल्या घरांपाशी बाबांनी जीप थांबवली आणि उजव्या गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. मी दुसरीकडे बघितलं.

शेतात परतल्यावर मिस्त्रीने टाकी उतरवली. डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला हिरव्या सुताचा गोळा चिकटला होता. चढावर इंजिन जोरात ओढायचं तेव्हा तो तोंडावर घट्ट बसायचा, थांबलं की सुटायचा.

"हे कशाचं सूत हो काकाजी?"

बाबा चोरासारखे ड्रमकडे बघत होते. शेतातल्या ड्रममधलं डिझेल ते जीपमध्ये ओततात, आणि तिला कचरा लागू नये म्हणून दूध गाळावं तसं, फडकं दुपदरी करून गाळून ओततात. ड्रमवर ते फडकं वाळत होतं, विरून जाळी झालेलं.

काय झालं बघायला आलेल्या आईने फडकं उचलून उजेडात धरलं. "हे माहं हिरवं पातळ होय. दिवाळीपासून धुंडून राह्यले मी."

"नरम होतं म्हणून घेतलं," बाबा म्हणाले. "तिले नरम लागते."

"मले इतकं नरम कधी आणलं नाही तुमी."

मिस्त्री हसता हसता खाली बसला. बाबांनी मात्र खिशातून फोन काढला, डोणगावच्या गिऱ्हाइकाला लावला आणि आमच्या सगळ्यांच्या देखत, नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितलं, "येऊ नोका भाऊ उद्या. जीप द्याची नाही. माहा पाय चांगला हाये."