मी ‘हॅलो’ म्हणाले

गेल्या शनिवारी शेपू आणायला बाजारात गेले आणि स्वतःच्याच नजरेतून उतरून घरी आले...

इथे अमेरिकेत, आमच्या ॲन आर्बरमध्ये शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. इथल्या लोकांना शेपू लागतो तो माशावर दोन काड्या टाकायला. त्यामुळे आम्ही मराठी बायका तीन-तीन जुड्या उचलतो, तेव्हा विकणाऱ्या आजीबाई आमच्याकडे काळजीने बघतात. मूगडाळ घालून भाजी करतो हे त्यांना सांगून झालंय, पण ते त्यांना काही पटलेलं नाही.

हा बाजार म्हणजे माझं आठवड्याचं सुख. वृंदाताई, स्मिता आणि मी... भाजी कमी, गप्पा जास्त, मग कोपऱ्यावर कॉफी. तासभर सलग मराठी बोलायला मिळणं काय असतं, ते इथे राहणाऱ्यांनाच कळेल.

आता जरा अवघड भाग. माझं आडनाव कुठेही खपून जाणारं आहे, ते ऐकून कोणाला काही अंदाज येत नाही. मी इथे नवीन असताना स्मिताने सहज विचारलं होतं, तुमच्याकडे गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या? आमच्या घरी बुद्धवंदना होते, गौरी कुठून असणार... एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, ते सगळं सासूबाई बघतात. तेव्हापासून माझ्या सासूबाई दरवर्षी नागपुरात गौरी बसवतात आणि त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही.

मला कोणी कधी वाईट वागवलं नाही, हेही सांगते. फक्त एकदा कॉफी पिताना कोणाचा तरी विषय निघाला आणि ‘त्यांच्यातले आहेत ना ते’ म्हणताना बोलणारीचा आवाज खाली गेला. मी कप ढवळत बसले. साखर घेत नाही मी...

तर शनिवारी बाजारात प्रज्ञा भेटली. ही अकोल्याची मुलगी, इथे युनिव्हर्सिटीत रिसर्च करते. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला आम्ही काही कुटुंबं डेट्रॉइटजवळ एक हॉल घेऊन जमतो, तिथे ओळख झाली होती. तिथे सगळेच एकमेकांना जय भीम करतात, मी तर जरा जास्तच जोरात. पहिल्यांदाच घरापासून इतक्या लांब आलेली पोर, म्हणून मी तिला म्हटलं होतं, काहीही लागलं तरी मी आहे, मोठी बहीण समज.

डोक्यावर सायकलचं हेल्मेट तसंच, हातात मक्याची कणसं... मला बघून तिचा चेहरा असा काही फुलला. माहेरचं माणूस दिसावं तसा. समोरूनच म्हणाली, “जय भीम, ताई.”

माझ्या एका बाजूला वृंदाताई होत्या, दुसऱ्या बाजूला स्मिता. मी म्हणाले, “हॅलो. हाउ आर यू?”

अकोल्याच्या मुलीशी इंग्लिशमध्ये! पुढे मी तिची ओळखही करून दिली नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या दोघींकडे, आणि तिला सगळं कळलं. हसून ‘येते मी’ म्हणाली आणि गेली. वृंदाताई टोमॅटो निवडत होत्या, त्यांचं लक्षही नव्हतं बहुतेक.

पिशव्या धरायला सोबत आलेली माझी पंधरा वर्षांची लेक सई गाडीत म्हणाली, “आई, शी सेड जय भीम. यू डिडन्ट से इट बॅक.” मी म्हटलं, गर्दी होती, ऐकू नाही आलं. ती म्हणाली, “यू हर्ड.” आणि खिडकीबाहेर बघत बसली. ‘जय भीम’ हे दोन शब्द तिला मीच शिकवलेत, ती नीट बोलायलाही लागली नव्हती तेव्हा.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. डेपोतल्या मोठ्या साहेबांनाही ते जय भीमच करायचे, आणि त्यापायी त्यांनी पुष्कळ सोसलं. माझं काय जाणार होतं? एक कॉफीचा ग्रुप...

चार दिवस प्रज्ञाला मेसेज टाइप केले आणि डिलीट केले. काल ती बस स्टॉपवर एकटीच उभी दिसली. मी गाडी लावली, मनात शब्द घोळवतच रस्ता ओलांडला. पण तिनेच आधी हाक मारली.

“हॅलो, ताई.”

टोमणा नव्हता हो त्यात. तो असता तर बरं झालं असतं. ताईंना असंच बरं वाटतं, असं समजून ती बिचारी मला सांभाळून घेत होती.

मी म्हणाले, “जय भीम, प्रज्ञा.”

तिने आधी माझ्या मागे पाहिलं, मग आजूबाजूला. माझ्यासोबत कोणी आहे का, ते बघत होती. कोणी नाही अशी खात्री झाल्यावर अगदी हळू म्हणाली, “जय भीम, ताई.” मी सॉरी म्हटलं, तर ती म्हणाली की होतं असं, तुम्ही नका मनाला लावून घेऊ.

बाजारात सगळ्यांसमोर खणखणीत बोलणारी मुलगी होती ती. आवाज खाली करायला तिला मी शिकवलं. हे लिहितानाही मान वर होत नाहीये.

वृंदाताई, स्मिता, तुम्ही हे वाचालच. फोन करणार होते, पण फोनवर मी काहीतरी गोडगोड बोलून परत निसटले असते. म्हणून इथे, सगळ्यांसमोर. आम्ही बौद्ध आहोत. तुमच्यापासून हे लपवलं, यात तुमचा अपमान आहे आणि माझ्या वडिलांचा त्याहून जास्त.

प्रज्ञा, परवा शनिवार आहे. माझ्यासोबत बाजारात येशील? आणि तिथे आधी मी म्हणेन, मोठ्याने... तोवर ही पोस्ट वाचणाऱ्या सगळ्यांना, जय भीम.